खिडक्या साफ करण्याचा व्यवसाय: शिडी आणि साहित्य कसे निवडावे

खिडक्या साफ करून देण्याचा व्यवसाय सुरू करायचे ठरले की बहुतेक जण आधी शिडीच्या दुकानात जातात आणि परवडेल तेवढी उंच शिडी घेऊन येतात. पुढे सहा महिन्यांनी लक्षात येते, की ती शिडी निम्म्या कामांना लागतच नाही आणि उरलेल्या निम्म्या कामांपैकी बरीचशी तिच्याने करणे धोक्याचे आहे. म्हणून या लेखाचा क्रम उलटा ठेवला आहे. आधी खिडकी पाहावी, मग तिच्यापर्यंत जमिनीवर उभे राहून किंवा घराच्या आतून पोहोचता येते का ते पाहावे, आणि दोन्ही जमत नसेल तरच शिडीचा विचार करावा. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतील सदनिका, बंगले आणि रस्त्यालगतची दुकाने ही कामे डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे.

पहिले काम: परिसरातील खिडक्यांची नोंद

ज्या भागात काम करायचे त्या भागात दोन दिवस वही घेऊन फिरावे. इमारत किती मजली आहे, खिडक्या कोणत्या प्रकारच्या आहेत, बाहेर ग्रिल आहे का, खाली जमीन कशी आहे आणि जवळून विजेच्या तारा जातात का, एवढ्या गोष्टी टिपाव्यात. या नोंदींवरूनच खरेदीची यादी ठरते.

आपल्याकडील गेल्या काही दशकांतील इमारतींमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचे प्रमाण मोठे आहे. या खिडकीचे पल्ले दोन किंवा तीन ट्रॅकवर चालतात आणि तिसऱ्या ट्रॅकवर सहसा मच्छरजाळी असते. पल्ला आतून वर उचलून, खालची कड आपल्याकडे ओढून बाहेर काढता येतो. काही खिडक्यांत तो निघू नये म्हणून वरच्या चौकटीत छोटा अडथळा बसवलेला असतो. तो आधी सोडवावा लागतो. पल्ला काढून गच्चीत किंवा न्हाणीघरात धुतला, तर दहाव्या मजल्यावरच्या खिडकीलाही शिडी लागत नाही. हे काम दोघांनी करावे, एकाने पल्ला धरावा आणि दुसऱ्याने उचलावा, कारण मोठ्या पल्ल्याचे वजन एकट्याला सावरत नाही आणि तो बाहेरच्या बाजूला सुटला तर खाली माणसे असतात. बाहेर ग्रिल नसेल आणि पल्ला सहज हलत नसेल, तर त्याला हात लावू नये.

न उघडणाऱ्या बंदिस्त काचा, जिन्यातील उंच काचा, बंगल्याच्या दर्शनी भागातील मोठी तावदाने आणि दुकानांचे फलकाखालचे काचपट्टे ही खरी बाहेरून करण्याची कामे होत. तुमच्या भागात अशी कामे किती आहेत, त्यावरून शिडी घ्यायची की नाही आणि किती उंच घ्यायची हे ठरते.

उंचीची मर्यादा स्वतः आखून घ्यावी

नवीन माणसाने शिडीवरून करायचे काम तळमजला आणि पहिला मजला एवढ्यापुरतेच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. ‘पहिला मजला’ हा शब्दही जपून ऐकावा. पोडियम पार्किंगच्या इमारतीत गाड्यांचे दोन-तीन मजले खाली असतात आणि त्यावरचा राहता पहिला मजला जमिनीपासून दहा-बारा मीटरवर असू शकतो. म्हणून फोनवर भाव सांगू नये, जागा पाहूनच सांगावा.

त्याहून उंच काचांसाठी दोरावरून उतरणारे प्रशिक्षित कामगार किंवा गच्चीवरून सोडलेला झुलता पाळणा लागतो. ते वेगळे शास्त्र आहे, त्याचे वेगळे प्रशिक्षण आहे आणि त्यात दोन स्वतंत्र दोर, स्वतंत्र आधारबिंदू व सुटकेची योजना असावी लागते. दोर आणि पट्टा विकत आणून ते काम शिकता येत नाही. असे काम आले तर ते करणाऱ्यांकडे पाठवावे.

शिडीची लांबी कशी काढावी

भिंतीला टेकवायच्या शिडीचा नियम चारास एक असा आहे. शिडीचे टोक जमिनीपासून चार मीटरवर टेकत असेल, तर तिचे पाय भिंतीपासून एक मीटर दूर हवेत. तेव्हा जमिनीशी साधारण ७५ अंशांचा कोन होतो. पाय याहून जवळ घेतले तर शिडी माणसासह मागे उलटते आणि फार दूर नेले तर खालून सरकते. या उतारावर शिडीची लांबी टेकण्याच्या उंचीपेक्षा सुमारे तीन टक्के जास्त लागते.

एका साध्या बंगल्याचे उदाहरण घेऊ. जोते ६० सेंटिमीटर, तळमजल्याची उंची ३ मीटर आणि पहिल्या मजल्यावर खिडकीचा खालचा काठ त्या मजल्याच्या फरशीपासून ८० सेंटिमीटर, म्हणजे अंगणापासून हा काठ ४.४ मीटरवर आला. शिडी काचेला किंवा काठाला न टेकवता त्याच्या जरा खाली, ४.३ मीटरवर, पक्क्या भिंतीला टेकवायची. त्यासाठी सुमारे ४.४५ मीटर, म्हणजे साधारण साडेचौदा फूट शिडी लागेल. वरच्या तीन पायऱ्यांवर कधीच उभे राहायचे नाही, म्हणून पाय ३.३ मीटरच्या आसपास राहतील आणि हात पाच-सव्वापाच मीटरपर्यंत पोहोचतील. खिडकी १.२ मीटर उंच असेल तर तिचा वरचा थोडा भाग उरतो. तो एका छोट्या दांड्याने करावा, त्यासाठी आणखी वर चढू नये.

इथे दुकानातील हिशोब नीट समजून घ्यावा लागतो. सरकत्या शिडीचे दोन भाग असतात आणि दुकानदार त्या दोघांची बेरीज सांगतो. ‘आठ अधिक आठ’ ही शिडी सोळा फुटी म्हणून विकली जाते, परंतु उघडल्यावर दोन्ही भाग एकमेकांवर निदान तीन फूट चढलेले असावे लागतात, म्हणून ती प्रत्यक्षात तेरा फूटच मिळते. वरच्या बंगल्याला ती अपुरी आहे. ‘दहा अधिक दहा’ घेतली तर सतरा फूट मिळतात आणि काम निभते. तीन फुटांचा हा दुहेरी भाग कमी करून शिडी ताणणे हा शिडी मोडण्याचा सरळ मार्ग आहे.

छज्जाचा अडथळा

महाराष्ट्रातील घरांवर पावसासाठी प्रत्येक खिडकीवर छज्जा असतो आणि खिडक्या बहुधा एकाखाली एक असतात. परदेशी शिड्यांच्या माहितीपत्रकात याचा विचार नसतो. वरच्याच उदाहरणात तळमजल्याचा छज्जा अंगणापासून सुमारे २.७ मीटरवर येतो. ४.३ मीटरवर टेकलेली शिडी त्या उंचीवर भिंतीपासून जेमतेम ४० सेंटिमीटर दूर असते, तर छज्जा ४५ ते ६० सेंटिमीटर पुढे आलेला असतो. म्हणजे शिडी भिंतीला टेकतच नाही, छज्जाच्या कडेवर टेकते आणि वरचे टोक अधांतरी राहते. माझ्या सुरुवातीच्या काळात अशाच अधांतरी शिडीवर चढल्यावर ती छज्जाच्या कडेवर फिरली होती. मी खालच्याच पायऱ्यांवर होतो म्हणून निभावले.

यावर उपाय म्हणजे शिडीच्या टोकाला बसणारा, भिंतीपासून अंतर राखणारा आधार, ज्याला दुकानात ‘स्टँड-ऑफ’ म्हणतात. त्याचे दोन हात भिंतीला टेकतात आणि शिडी सुमारे ३० सेंटिमीटर बाहेर राहते. तेवढ्याने वरच्या उदाहरणातील ४० सेंटिमीटरचे ७० होतात आणि शिडी छज्जाला न लागता उभी राहते. त्याचे हात रुंद असतील तर ते खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर बसतात आणि काम नेमके समोर येते. शिडी खरेदी करतानाच तिला बसणारा स्टँड-ऑफ मिळतो का, हे विचारावे. मिळत नसेल तर शिडी दुसरी पाहावी. छज्जावर पाय ठेवून काम करणे हा उपाय नाही, कारण जुन्या छज्जातील सळई गंजलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

शिडी कशाची आणि कोणत्या प्रकारची

घडीची शिडी, म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी उभी राहणारी, सर्वप्रथम घ्यावी. सहा फुटी शिडी घरातील आतल्या कामाला, दुकानाच्या काचांना आणि गच्चीच्या दारांना पुरते. तिचा वरचा फलक हा वस्तू ठेवण्यासाठी असतो, उभे राहण्यासाठी नव्हे. काम तिच्या समोर यावे अशी ती ठेवावी, बाजूला ठेवून अंग वाकवू नये.

सरकती शिडी ही बंगल्याच्या पहिल्या मजल्यासाठी. अ‍ॅल्युमिनियमची हलकी असते, पण तिच्यातून वीज वाहते. आपल्या गल्ल्यांतून अजूनही उघड्या तारा आणि घरांकडे जाणाऱ्या जोडण्या जातात. अशा भागात मुख्य काम असेल तर फायबरची, म्हणजे एफआरपीची शिडी घ्यावी. ती जड आणि महाग असते, तरीही घ्यावी. आणि शिडी फायबरची असली तरी तारांपासून निदान तीन मीटर दूरच राहावे, कारण ओली व मळकट फायबर शिडीही भरवशाची नसते.

दुर्बिणीसारखी आत सरकणारी टेलिस्कोपिक शिडी दुचाकीवर काम करणाऱ्याला मोहात पाडते, कारण ३.८ मीटरची शिडी मिटल्यावर जेमतेम मीटरभर उरते. आतल्या कामाला ती सोयीची आहे. मात्र तिचे खटके धूळ आणि साबणाच्या पाण्याने अडकतात आणि प्रत्येक पायरीचा खटका पूर्ण बसला की नाही हे दर वेळी पाहावे लागते. मिटवताना बोटे सापडतात, म्हणून हळू मिटणारीच घ्यावी. एकमेव शिडी म्हणून मी ती सुचवणार नाही.

रंगारी वापरतात ती बांबूची शिडी या व्यवसायासाठी घेऊ नये. बांबू पाण्याने भिजतो, दोरीचे बांध सैल होतात आणि आतली चीर वरून दिसत नाही.

दुकानात उभे राहून तपासणी

पुण्यात बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी रस्ता अशा बाजारांत कंपनीच्या आणि स्थानिक बनावटीच्या दोन्ही शिड्या मिळतात. स्थानिक शिडी वाईटच असते असे नाही, परंतु तिच्यावर किती भार चालतो हे लिहिलेले नसते, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. युरोपातील ‘ईएन १३१’ या मानकाची शिडी १५० किलो भाराची असते. अमेरिकी वर्गवारीत ‘टाइप १ए’ म्हणजे ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो. ७५ किलोचा माणूस, कमरेची हत्यारे, ओले कपडे आणि चढतानाचे धक्के यांचा विचार करता याहून कमी भाराची शिडी धंद्यासाठी घेऊ नये. भारतीय मानक ब्युरोची शिड्यांच्या सुरक्षित वापराची संहिता ‘आयएस ३६९६, भाग २’ ही आहे. एखादी सोसायटी किंवा कंपनी काम देताना तिचा उल्लेख करू शकते, म्हणून तिची माहिती असावी.

शिडी दुकानातच पूर्ण उघडून घ्यावी. खालच्या दोन पायऱ्यांवर उभे राहून डावीकडे-उजवीकडे भार द्यावा. पायरी हाताने पिळून पाहावी, ती किंचितही फिरली तर ती शिडी नको. पायरीचा माथा सपाट आणि खाचांचा असावा, कारण गोल दांड्यावर तासभर उभे राहिले की तळवे दुखतात आणि लक्ष पायांकडे जाते. खालचे रबरी पाय वेगळे विकत मिळतात का, हे विचारून ठेवावे. शेवटी शिडी एकट्याने उचलून दुकानाबाहेर दहा पावले चालून दाखवावी. जी शिडी एकट्याला तोल सांभाळून उभी करता येत नाही, ती कामावर भिंतीऐवजी काचेवर पडते.

तिच्यासोबत आणखी तीन गोष्टी घ्याव्यात: शिडीचे टोक पक्क्या आधाराला बांधण्यासाठी चांगली दोरी, पायाखाली घालायची जाड रबरी चटई आणि रस्त्यालगतच्या कामासाठी दोन-तीन नारिंगी शंकू. उतारावर एका पायाखाली वीट किंवा फरशीचा तुकडा घालायची सवय सर्रास दिसते. त्याऐवजी पायांची उंची कमी-जास्त करणारा जोड घ्यावा, नाही तर शिडी तिथे लावूच नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर आणि पेव्हर ब्लॉकवर कोणतेही रबर पकड घेत नाही, त्या महिन्यांत फक्त आतली कामे घ्यावीत.

काचेवर चालणारी हत्यारे

काच पुसण्याचे मुख्य हत्यार म्हणजे स्क्वीजी. फरशीचा वायपर आणि हा यांत मोठा फरक आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एटोरे स्टेकोने या खिडक्या साफ करणाऱ्या कारागिराने १९३६ मध्ये हलक्या पितळी पट्टीत एकच धारदार रबर बसवलेल्या स्क्वीजीचे पेटंट घेतले आणि आजची सर्व हत्यारे त्याच घडणीची आहेत. रबराची ही एकच सरळ कड पाणी ओढून नेते, म्हणून पैसे मुठीवर न घालवता रबरावर घालवावेत. सुरुवातीला ३५ सेंटिमीटरचा एक आणि १५ सेंटिमीटरचा एक पुरतो. ग्रिलच्या गजांमधून हात घालून काम करायचे असते तेव्हा हा छोटाच उपयोगी पडतो. सुटी रबरे सुरुवातीपासून जवळ असावीत. कड गोलसर झाली किंवा काचेवर बारीक रेघ उमटू लागली की रबर उलटून दुसरी कड वापरावी, आणि तीही गेली की बदलावे. उन्हाळ्यात आपल्याकडे जरा कडक रबर बरे चालते.

त्यासोबत काच भिजवण्यासाठी कापडी बाही चढवलेला टी-बार, स्क्वीजी मावेल अशी आयताकृती बादली, कमरेचा पट्टा व खोळ आणि धुऊन वापरता येतील अशी डझनभर मायक्रोफायबर फडकी लागतात. शिडीवर बादली हातात घेऊन चढू नये, दोन्ही हात शिडीवर हवेत. ट्रॅकमधील माती काढायला एक इंची रंगाचा ब्रश, जुना दात घासायचा ब्रश आणि छोटा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा. ट्रॅकमधील पाणी बाहेर जायची भोके मोकळी करून दिली तर पावसात घरात पाणी येत नाही, आणि हे ग्राहकाच्या लगेच लक्षात येते.

लांब होणारा दांडा हे माझ्या मते शिडीपेक्षा आधी घ्यायचे साधन आहे. तीन-साडेतीन मीटरच्या दांड्याने जमिनीवरून साडेचार मीटरपर्यंतच्या काचा सहज होतात, म्हणजे बहुतेक दुकाने शिडीशिवाय उरकतात. सहा मीटरचा दांडा पहिल्या मजल्यापर्यंत जातो, पण त्यावर हात बसायला महिनाभर सराव लागतो. तो सराव स्वतःच्या घरी करावा. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन फायबर या दोन्ही दांड्यांतून वीज वाहते, त्यामुळे तारांचे अंतर इथेही पाळावे.

पाणी आणि डाग

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. बोअरचे आणि टँकरचे पाणी अनेक ठिकाणी याहून जड असते. स्क्वीजीने काम करताना हे फारसे बाधत नाही, कारण पाणी काचेवर वाळायच्या आत ओढून काढले जाते. परंतु दांड्याच्या टोकाच्या ब्रशमधून पाणी सोडून काच तशीच वाळू द्यायची पद्धत वापरायची असेल, तर टीडीएस जवळजवळ शून्य हवा. त्यासाठी आरओ आणि त्यापुढे रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची, टाकी लागते, आणि पाणी जितके जड तितके रेझिन लवकर संपते. हा खर्च पहिल्या वर्षी करू नये. टीडीएस मोजायचा छोटा मीटर मात्र पहिल्या दिवसापासून खिशात ठेवावा, म्हणजे पुढे ही यंत्रणा परवडेल का याचा अंदाज तुमच्याच भागातील आकड्यांवरून बांधता येईल.

साबण म्हणून भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब बादलीभर पाण्याला पुरतात. जास्त घातला तर रेघा उमटतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी काचेवरच सुकते, म्हणून सावलीच्या बाजूने काम सुरू करावे आणि ऊन फिरेल तसे फिरावे. समुद्राजवळच्या घरांत काचेवर मिठाचा थर असतो आणि बांधकाम चालू असलेल्या भागात सिमेंटची धूळ. दोन्ही ठिकाणी आधी भरपूर पाण्याने धुवावे, कोरडे घासले तर काचेवर ओरखडे उठतात.

पाण्याच्या पांढऱ्या डागांसाठी सायट्रिक आम्लासारखे सौम्य द्रावण वापरावे, तेही कोपऱ्यात तपासून. संगमरवर, कोटा आणि कडप्पा हे दगड आम्लाने खराब होतात आणि आपल्या खिडक्यांचे काठ बहुधा त्यांचेच असतात, त्यामुळे ते आधी झाकावेत. शौचालयाचे अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमची चौकट काळवंडवते, आणि ते ब्लीचमध्ये मिसळले तर विषारी क्लोरिन वायू निघतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेले कोणतेही औषध विकत घेऊ नये. रंगाचे आणि सिमेंटचे ठिपके काढायचे पाते काच ओली असतानाच आणि एकाच दिशेने चालवावे. टफन्ड काचेवर ओरखड्यांचा धोका अधिक असल्याने आधी ग्राहकाची लेखी संमती घ्यावी. फिल्म लावलेल्या काचेवर पाते कधीच लावू नये.

सुरक्षा पट्ट्याविषयी एक गैरसमज

अनेक नवीन कामगार पूर्ण शरीराचा सुरक्षा पट्टा घालतात आणि त्याचा हूक ग्रिलला किंवा शिडीच्याच पायरीला अडकवतात. पडणाऱ्या माणसाचा झटका ग्रिलचे स्क्रू सहन करत नाहीत, आणि शिडीला अडकवलेला पट्टा माणसाला शिडीसह खाली नेतो. पक्का आधारबिंदू नसेल तर पट्ट्याचा उपयोग नाही आणि उलट धीर वाढतो, हा त्याचा खरा तोटा. शिडीवरची सुरक्षितता तिचा कोन, खालचा माणूस आणि दोन पाय व एक हात सतत शिडीवर ठेवण्यात आहे. पोटाचे बक्कल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेले की शिडी सरकवायची वेळ झाली असे समजावे.

खरेदीचा क्रम आणि निगा

पहिल्या महिन्यात स्क्वीजी, टी-बार, फडकी, बादली, साडेतीन मीटरचा दांडा, सहा फुटी घडीची शिडी, हातमोजे, चष्मा आणि न घसरणारे बूट एवढेच घ्यावे. हे सारे, शिडी सोडून, दुचाकीवर मावते. शिडी दुचाकीवर आडवी नेऊ नये, त्या दिवशी टेम्पो करावा आणि तो खर्च कामाच्या भावात धरावा. याच महिन्यात स्वतःचा अपघात विमा आणि दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा काढावा. सरकती शिडी, स्टँड-ऑफ आणि खाली उभा राहणारा मदतनीस या तीन गोष्टी एकत्रच आणाव्यात, त्यांतील एकही नसेल तर बंगल्याच्या पहिल्या मजल्याचे काम घेऊ नये.

शिडीवर क्रमांक रंगवून तिची वेगळी वही ठेवावी. दर सकाळी पाय, पायऱ्या, खटके आणि दोरी पाहून सही करावी. शिडी भिंतीला आडव्या खुंट्यांवर ठेवावी. फायबरची असेल तर ऊन लागू देऊ नये, तिचे तंतू उघडे पडून हाताला टोचू लागले की तिचे आयुष्य संपत आले असे समजावे. वाकलेला दांडा ठोकून सरळ करू नये आणि सुटलेली पायरी वेल्डिंगने जोडून आणू नये. बाद केलेली शिडी भंगारात देण्यापूर्वी करवतीने मधोमध कापून तिचे दोन तुकडे करावेत, म्हणजे ती दुसऱ्या कुणी विकत घेऊन पुन्हा भिंतीला लावणार नाही.